मास्तरांचं रेलिंग

पुष्करणी सोसायटीत पोहायचा तलाव आहे म्हणून लोकांनी फ्लॅट घेतले, आणि फ्लॅट घेऊन झाल्यावर तलावाकडे कुणी फिरकेना. विजापूर रोडला ही सोसायटी उभी राहत होती तेव्हा बिल्डरनं निळ्याशार पाण्याचं भलंमोठं चित्र रस्त्याच्या कडेला लावलं होतं. चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या गावात नुसतं ते चित्र बघूनही माणसाचे डोळे निवायचे. पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत पोरं डुंबली. मग त्यांचे क्लास आले, मोबाइल आले. बायका संध्याकाळी काठाला पाय सोडून बसायच्या, त्याही बसेनाशा झाल्या. उरल्या एकट्या इंद्रायणीबाई.

बाई पोहायला शिकल्या वेळापूरला, मळ्यातल्या विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा बांधून काकांनी वरून दिलं ढकलून, आणि "हात मार, हात मार!" म्हणत आपण काठावर विडी ओढत बसले. अंगावर परकर-पोलकं होतं तोवर विहीर आपली होती; साडी आली आणि विहीर बंद झाली. लग्न होऊन सोलापुरात आल्या त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात. तिथं मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावायचं आणि नळाच्या धारेवर दिवस. पोहणं हे माहेरी राहून गेलेलं भांडं होतं. कुणी आणून दिलं नाही, बाईंनीही मागितलं नाही. साठी उलटल्यावर या सोसायटीत राहायला आल्या, एका सकाळी कुणी नाही बघून जुना सलवार-कमीज घातला आणि उतरल्या पाण्यात. हातापायांना सगळं आठवत होतं. मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षं जणू कुणी दुसरीच बाई जगून गेली होती.

त्यांचे यजमान मुकुंद मास्तर टेक्निकल शाळेत वर्कशॉप शिकवायचे. मास्तरांना पाण्याचं वावडं. पण बाई पोहायला लागल्यापासून रोज सकाळी तेही खाली यायचे आणि बदामाच्या झाडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत मांडीवर टॉवेल घेऊन बसायचे. बाई पायऱ्या चढून वर आल्या की उठून टॉवेल उलगडून धरायचे. बोलणं काही नाही. एखाद्या दिवशी म्हणायचे, "आज पलीकडं जास्त वेळ राहिलीस," म्हणजे त्यांचं लक्ष होतं.

मास्तरांची एक खोड सगळ्या ओळखीच्यांना ठाऊक होती. कुठलीही वस्तू बसवायची तर ती अशी बसवायची की भिंतीनं जन्मभर आठवण काढली पाहिजे. इंचाचा स्क्रू पुरत असेल तिथं ते तीन इंचाचा घ्यायचे. बाईंच्या घरातला आरसा, कपडे वाळत घालायची दांडी, देवघराची फळी, यातलं काहीही आजतागायत कुणाला काढता आलेलं नाही. रंगारी आला तर आरशाभोवतीनं रंग देऊन जायचा. बाई चिडवायच्या, "तुम्ही मेल्यावर स्वर्गात गेलात तर तिथलं दार पक्कं करून ठेवाल. मग मी आत यायची कशी?"

"बाहेरून कडी आहे की," मास्तर म्हणायचे.

बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोहा, पण पायऱ्या जपून. तलावाच्या उथळ बाजूच्या पायऱ्या उंच आणि गुळगुळीत. धरायला काही नाही. पलीकडची शिडी उभी, ती या गुडघ्याला जमण्यातली नाही. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. सोसायटीनं साफसफाईला तलाव उपसला तेव्हा मास्तरांनी संधी साधली. एमआयडीसीतल्या ओळखीच्या वेल्डरकडून स्टीलचं रेलिंग वाकवून आणलं, वरचा पाय काठाच्या फरशीत आणि खालचा पाय पाण्याखाली येणाऱ्या दुसऱ्या पायरीत, असं स्वतः ड्रिल मारून बसवलं. मग त्याला लोंबकळून पाहिलं. "हत्ती बांधा," म्हणाले.

मास्तरांना जाऊन आता दोन उन्हाळे झाले होते. झाडाखालची खुर्ची तिथंच होती. बाई आता टॉवेल तिच्या पाठीवर टाकायच्या, आणि वर आल्यावर स्वतःच उचलायच्या.

म्हातारपणी एक गोष्ट अशी होते की ती कुणाला सांगताही येत नाही. माणसाच्या अंगाला कुणाचा हात लागत नाही. मुलगी चेतना पुण्याला; ती दिवाळीला येते, वाकून नमस्कार करते, घट्ट मिठी मारते, आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंत फोनवर असते. भाजीवाला पूर्वी सुटे पैसे तळहातावर ठेवायचा, आता तोही मोबाइलवर घेतो. डॉक्टर दंडाला पट्टा बांधतात तेवढाच. बाईंना पाणी हवं होतं ते व्यायामासाठी नाही. पाणी सगळीकडून धरायचं. मानेखाली, पाठीला, पोटऱ्यांना. उताणं पडून डोळे मिटले की आपण कुणाच्या तरी हातावर आहोत असं वाटायचं. त्या तेवढ्या वेळावर बाकीचा दिवस निघायचा.

आणि या उन्हाळ्यात तलावातलं पाणी उतरायला लागलं.

सोसायटीचे चेअरमन गुरुबसप्पा. अक्कलकोट रोडला त्यांचा टॉवेलचा कारखाना, आवाज मागाच्या खडखडाटावर मात करून करून कायमचा मोठा झालेला. माणूस मनानं वाईट नव्हता, पण पाण्याचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. बोअरला पाणी नाही, टँकरवाल्याचे नखरे, वरच्या मजल्यांच्या तक्रारी. त्यात हा तलाव रोज नव्यानं मागायचा.

"वहिनी, हे पाणी गळत नाही, वाळतंय," ते म्हणाले. "ह्या उन्हात माणूस वाळायलाय, पाण्याचं काय घेऊन बसलात? भरून टाकू मुरूम. गाड्या तरी उभ्या राहतील."

"आधी बघा तरी गळतंय का."

त्यांनी बघायला माणूस बोलावला. धुळाप्पा सांगोल्याकडचा, नळाची, टाक्यांची कामं करणारा. मिशीला कलप, खिशात मोजपट्टी. त्यानं एक बादली मागवली, तिच्यात दगड टाकला, ती वरच्या पायरीवर पाण्यात ठेवली आणि तलावात पाणी आहे त्याच उंचीपर्यंत आत पाणी भरलं. बादलीच्या आत एक चिकटपट्टी लावली, तलावाच्या टाइलवर एक.

"ही कसली पूजा मांडलीस?" गुरुबसप्पा म्हणाले.

"शेठ, ऊन तळ्याला लागतंय तसं बादलीला बी लागतंय की. दोन्हीतलं सारखंच उतरलं तर वाळतंय. तळ्यातलं जास्त उतरलं तर गळतंय."

दोन दिवसांनी बादलीतलं पाणी पट्टीखाली जेमतेम बोटभर गेलं होतं. तलावातलं चांगलं तीन बोटं. पाणी फिरवणारा पंप बंद ठेवून पाहिला, चालू ठेवून पाहिला, उतरायचं तेवढंच. म्हणजे पाइप धड होते, भोक तलावाच्या अंगातच कुठंतरी होतं.

"मग आता?" बाईंनी विचारलं.

"रिकामं करायचं काकू. कोरडं झालं की चीर दिसतीया, न्हायतर फरशी ठोकून बघायची. पोकळ वाजलं की तितंच."

गुरुबसप्पांचा चेहरा उजळला. "करा रिकामं. आजच करा."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या फाटकाजवळच्या कारंज्याकडे पाहत होत्या. मागच्या वर्षी कारंज्याची मोटर दुरुस्त करायची म्हणून त्यातलं पाणी काढलं होतं, 'आठवड्याचं काम' म्हणून. आता त्या कमळाच्या आकाराच्या हौदात दोन स्कूटर आणि एक मोडकी सायकल उभी होती. सोलापुरात रिकामं झालेलं काही पुन्हा भरत नाही, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं.

"रिकामं न करता नाही सापडणार?"

धुळाप्पानं डोकं खाजवलं. "सापडंल की. रंग सोडायचा. पाणी येकदम गप पायजे. जितं भोक आसंल तितं रंग सुतासारका आत वढला जातो. पर त्याला पाण्यात उतराय लागतंय."

"मग उतर."

"मला पवता येत न्हाय."

गुरुबसप्पा एवढ्या जोरानं हसले की बदामावरचे कावळे उडाले. "तलावाची कामं करतोस आणि पोहता येत नाही?"

"आवो शेठ, सांगोल्याचा हाय मी. आमच्यात मेंढरांना प्यायला पाणी न्हाय, मी कशात पवायला शिकू? टँकरात?"

"मी उतरते," इंद्रायणीबाई म्हणाल्या.

दोघांनीही वळून त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"मी रोज उतरतेच आहे. मला सांग काय करायचं ते. आठ दिवस द्या भाऊसाहेब. नाही सापडलं तर करा रिकामं."

गुरुबसप्पांनी मान डोलावली. चेअरमनला आठ दिवसांचं काय. आणि मास्तरांच्या बायकोला तोंडावर नाही म्हणणं त्यांच्याकडून होईना. उलट रंगही देऊ केला. "कारखान्यातला लाल पाठवतो. शंभर धुण्यात जाणार नाही, गॅरंटी."

"म्हणूनच नको," बाई म्हणाल्या. "तुमच्या टॉवेलासारखी लाल होऊन हिंडू का मी या वयात?"

शेवटी जिलेबीचा रंग ठरला. तो पाण्यात कालवून भरायला बाईंनी कपाटातून मोठी सिरिंज काढली, सुई नसलेली. मास्तरांना शेवटी-शेवटी नळीतून पेज द्यायला आणली होती. एक न उघडलेली राहिली होती. टाकवली नव्हती.

सकाळी वारा सुटायच्या आत काम करायचं. पाण्यात उतरून हललं की रंग पसरतो, म्हणून बाई आधी नुसत्या उभ्या राहायच्या, पाणी आपल्याला विसरेपर्यंत. मग श्वास धरून, हात न मारता, बोटांनी टाइल धरत-धरत सरकायचं. विहिरीत लपाछपी खेळताना त्या अशाच कपारीला धरून राहायच्या, वरून पोरं "इंदी बुडाली, इंदी बुडाली" ओरडेपर्यंत. धुळाप्पा काठावर उकिडवा बसून सांगायचा, "दिव्याच्या कडंला बघा काकू, दिवाच गळतोय बगा, माजी पैज." बाई पाण्याखालच्या भिंतीतल्या दिव्याच्या काचेभोवती थेंब सोडायच्या. पिवळा ढग तिथंच रेंगाळायचा, कुठं जायला नको असल्यासारखा. मग तळाची जाळी. मग कोपरे. मग पाण्याच्या रेघेखालची सगळी सांध. धुळाप्पा रोज नवी पैज लावायचा आणि रोज हरायचा.

बाईंना मनातून हे दिवस आवडायला लागले होते. सकाळी कुणीतरी आपली वाट बघत बसलेलं असतं, वर आल्यावर "काय झालं?" म्हणून विचारतं, हे विसरायला झालं होतं. एक दिवस तर त्या खुर्चीवरचा टॉवेल उचलायचाच विसरल्या आणि ओल्या अंगानं धुळाप्पाच्या मेंढ्यांच्या गोष्टी ऐकत राहिल्या.

मुदत संपत आली होती तेव्हाची गोष्ट. पलीकडची भिंत तपासून बाई पायऱ्यांशी आल्या. दमल्या होत्या. एका हातानं रेलिंग धरून दुसऱ्या पायरीवर टेकल्या, पाणी छातीशी. सिरिंज दुसऱ्या हातात, पाण्यात लोंबत. तिच्या टोकातून उरलासुरला एक थेंब निसटला.

तो पसरला नाही. त्याची बारीक रेघ झाली आणि ती रेघ सरळ खाली गेली. रेलिंगच्या पायाशी, जिथं स्टीलची गोल चकती पायरीवर टेकली होती, तिथं चकतीखाली शिरली आणि दिसेनाशी झाली.

बाईंनी मुद्दाम आणखी एक थेंब सोडला. तोही गेला. बिळात उंदराची शेपटी जावी तसा.

काठावर धुळाप्पा चहा पीत होता, त्याची पाठ इकडे होती. "गावलं का काकू?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आज नाही."

रेलिंगला धरून, रोजच्यासारख्या, एकेक पायरी चढत त्या वर आल्या.

घरी येऊन केस न पुसताच बसल्या आरशासमोर. आरसा भिंतीतून उगवल्यासारखा. त्याच्या चार स्क्रूंच्या टोप्या तेवढ्या दिसत होत्या. आत किती लांब गेलेत ते मास्तरांनाच माहीत. पायरीतले बोल्टही तसेच गेले असणार, टाइल, सिमेंट, पाणी अडवणारा थर, सगळं भेदून पार पलीकडे. चांगले पक्के. आणि वर्षानुवर्षं पाण्यात राहून आता गंजून झिजलेले. चार बोटं कमी खोल गेले असते तर काही झालं नसतं. पण मग ते मास्तरांनी बसवले नसते.

सांगितलं नाही, तर तलाव जाणार. सांगितलं, तर रेलिंग जाणार, आणि रेलिंगाशिवाय त्या पायऱ्या बाईंना चढता येत नाहीत. तलाव राहील, पोरंबाळं कधीतरी परत येतील, डुंबतील. आपण मात्र गच्चीतून बघायचं. शिवाय गुरुबसप्पा मीटिंगमध्ये त्या आवाजात म्हणणार, 'भोक आमच्या मास्तरांनीच पाडलं,' आणि सगळे हसणार. जो माणूस स्वतःची बाजू मांडायला आता येऊ शकत नाही त्याच्यावर हसणार. बाईंना त्याचंच जास्त लागलं.

दुपारी चेतनाचा फोन आला. "आई, एकटी काय करतेस तिथं? इकडे ये ना. इथल्या क्लबात केवढा मोठा पूल आहे."

"इथला आहे की."

"तो गळतोय ना?"

"हो," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जेवलीस का?" आणि बोलणं भाजीवर गेलं.

दुसऱ्या दिवशी त्या रोजच्यापेक्षा लवकर उतरल्या. सिरिंज नेली नाही. उताण्या पडल्या आणि पाण्यानं धरलं तितका वेळ राहिल्या. पाणी आणखी उतरलं होतं. काठावर टाइलांची एक ओळ उघडी पडली होती, पांढरट, खारट डागांची. हे असंच एकेक ओळ खाली जाणार. मग एक दिवस मुरूम. रेलिंग मात्र तसंच उभं राहील, हत्ती बांधण्याइतकं पक्कं, आणि त्याच्यापलीकडे उतरायला काही नसेल.

धुळाप्पा आला तेव्हा त्या रेलिंगपाशीच उभ्या होत्या. गुरुबसप्पाही आले होते, तोंडात ब्रश.

"सापडलं," बाई म्हणाल्या. "रेलिंगच्या पायाखाली आहे. कालच सापडलं होतं."

गुरुबसप्पांनी ब्रश काढला, बाजूला थुंकले. बाईंनी अंग आवळून घेतलं.

"मास्तरांचं रेलिंग?"

"हो. त्यांचे बोल्ट लांब असतात."

"लांब असतात?" गुरुबसप्पांचा आवाज सगळ्या सोसायटीत घुमला. "वहिनी, आमच्या कारखान्याचा बोर्ड मास्तरांनी बसवलेला. आमच्या थोरल्यानं गेल्या वर्षी नवीन बोर्ड केला, लाइटवाला. जुना निघंना! दोन माणसं दिवसभर झोंबली. भिंत निघाली, बोर्ड नाही निघाला. शेवटी नवीन बोर्ड जुन्याच्या डोक्यावर ठोकलाय. वडिलांचं नाव खाली, पोराचं वर. लोक म्हणतात, वा, काय संस्कार!" ते हसले, हातातला ब्रश झटकला. "गेटातून आत जाताना रोज आठवण निघते बघा मास्तरांची."

बाईंना वाटलं होतं, आता मास्तरांची आठवण काढणारं जगात आपण एकटंच माणूस उरलोय. अक्कलकोट रोडला रोज सकाळी कुणीतरी काढत होतं, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

"पण रेलिंग काढावं लागणार," गुरुबसप्पा म्हणाले. "आणि नवीन भोक आता मी पाडू देणार नाही कुणाला. कमिटी खाऊन टाकील मला. दुसरं काही करता आलं तर बघू पुढच्या मीटिंगला."

पुढची मीटिंग म्हणजे काय ते बाईंना कारंज्यानं शिकवलं होतं. "काढा," त्या म्हणाल्या.

वरचा पाय धुळाप्पानं कटरनं कापला. ठिणग्या पाण्यावर पडून चुर्र करून विझल्या. खालच्या पायासाठी तो पँट दुमडून पायरीवर उतरला, एका हातानं काठ धरून, जणू खाली पाताळ आहे. नट फिरले. बोल्ट हलेनात. हातोडीनं ठोकून, पकडीनं पिरगाळून एकेक निघाला, गंजानं खाल्लेला, उसाच्या कांड्याएवढा लांब. प्रत्येकाला धुळाप्पानं एक शिवी दिली आणि प्रत्येकाला पाहून "आरारारा" केलं. शेवटचा निघाला तसं पाणी भसाभस आत जायला लागलं.

"आता लगोलग बुजवाय पायजे!" तो ओरडला. पाण्याखाली घट्ट होणाऱ्या पुटीच्या दोन वळ्या त्यानं आणल्या होत्या, एक काळी, एक पांढरी. दोन्ही एकत्र मळून एकरंगी करायच्या आणि भोकात दाबायच्या. पण भोकं गाठायची तर हात खांद्यापर्यंत आत आणि तोंड पाण्यात. धुळाप्पानं दोनदा वाकून पाहिलं, दोनदा नाकात पाणी जाऊन ठसकत वर आला.

"दे इकडे," बाई म्हणाल्या.

त्या काठावर बसल्या, पुटी पुरणपोळीच्या कणकेसारखी तळहातावर मळली, कुठं काळी-पांढरी रेघ राहिली नाही असं बघितलं. मग धुळाप्पाचा खांदा धरून पायरीवर उतरल्या, श्वास धरला आणि खाली गेल्या. भोकांच्या तोंडाशी बोट ठेवलं की पाणी ओढत होतं. आत कुणीतरी हळूच बोट धरावं तसं. बाईंनी एकेका भोकात पुटी ठासली, अंगठ्यानं दाबली, आणि वर येऊन श्वास घेऊन पुन्हा गेल्या. चारही भोकं भरून, वर एक थर लावून, त्यावर तळहात ठेवून त्या जेवढं राहवलं तेवढं राहिल्या. हाताखालची ओढ कमी-कमी होत गेली, आणि मग नव्हती.

त्या दिवशी धुळाप्पा आणि गुरुबसप्पांनी धरून त्यांना वर घेतलं. गडबडीत ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

धुळाप्पानं पुन्हा बादली मांडली. दोन दिवसांनी बादलीतलं आणि तलावातलं पाणी सारखंच उतरलं होतं, बोटभर. "ऊन," तो म्हणाला, "त्याला माज्याकडं पुटी न्हाय." गुरुबसप्पांनी कुरकुरत टँकर मागवला. धुळाप्पानं काठाखाली दोन-तीन बोटांवर कोरड्या टाइलला नवी चिकटपट्टी लावली, "आठवड्यात ऊन हितवर आणंल, त्याच्या खाली गेलं तर मला बोलवा," आणि मग तलाव काठोकाठ भरला. धुळाप्पानं आपली हत्यारं गोळा केली, जाताना वाकून पाया पडला. "येतो काकू. आता माजं काम न्हाय हितं."

खरं होतं. कुणाचंच काम उरलं नव्हतं.

पुढचे काही दिवस बाई सकाळी खाली आल्या आणि काठावर पाय सोडून बसल्या. पायांना पाणी लागायचं पोटऱ्यांपर्यंत. ते म्हणजे भरलेल्या पंगतीत नुसतं मीठ चाखून उठल्यासारखं. रेलिंगच्या जागी काठाच्या फरशीत सिमेंटचा एक गोल ठिपका राहिला होता, तिथं हात जायचा आणि मोकळाच परत यायचा.

मग एका सकाळी, बाहेर कसं यायचं हा विचार पुरता न करता, त्या बसल्या-बसल्या घसरून पाण्यात गेल्या.

पाण्यानं धरलं. काही रुसवा नाही, विचारपूस नाही. बाई उताण्या पडल्या, पार पलीकडे जाऊन आल्या, आणखी एकदा गेल्या. वर आभाळ पांढरं व्हायला लागलं, ऊन बदामाच्या शेंड्यावर आलं, तेव्हा पायऱ्यांशी आल्या. पहिली पायरी पाण्यानंच चढवली. दुसरीवर अंग जड झालं, गुडघा नाही म्हणाला. काठाला हात लावून जोर केला, हात सटकला. पुन्हा केला. रांगत जाता आलं असतं. चार पायांवर, ओल्या कपड्यांनिशी, सगळ्या बाल्कन्यांच्या समोर. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर होता, झाडाखाली. उठून कुणी तो उलगडला नाही.

कुणाला तरी हाक मारायला हवी होती. बाईंनी वर पाहिलं. इतक्या खिडक्या, इतकी माणसं, आणि सकाळच्या वेळी हक्कानं तोंडात येईल असं एकही नाव नाही. जन्मात त्यांनी हाक मारली ती एकाच माणसाला, आणि त्यालाही नावानं नाही.

फाटकाच्या बाजूनं झाडूचा आवाज येत होता. सोसायटी झाडायला येणारी बसव्वा. पन्नाशीची, काटक, वर्षानुवर्षं रोज दिसायची, आणि बाई तिच्याशी दिवाळीची साडी देताना तेवढं बोलल्या होत्या.

"बसव्वा!"

झाडू थांबला. "कोण ते?"

"मी. तलावात. मला... जरा हात दे गं."

बसव्वा आली, पण काठापासून लांबच उभी राहिली. "मी न्हाय बाई पाण्याजवळ येत. मला चक्कर येती बगून."

"आत नको येऊस. तिथं बस. पाय काठाच्या कडेला रोव."

बसव्वानं साडी खोचली, देवाचं नाव घेतलं, काठावर बसकण मारली, पाय टेकवले, डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हात पुढे केले. झाडून-झाडून राकट झालेले, कोरडे, गरम हात. बाईंनी धरले.

"वढू?"

"ओढ."

"येल्लम्मा आई, लई जड हाय की तुमी!"

"पाण्यानं जड झालेय. ओढ, बोलू नकोस."

एक पायरी, मग दुसरी, मग दोघीही काठावर, एकमेकींवर कलंडलेल्या. बसव्वानं डोळे उघडले, आपण वर आहोत हे पाहून खुदकन हसली. तिचं पातळ पार भिजलं होतं. बाईंचे दात वाजत होते.

"सोडा की आता हात," बसव्वा म्हणाली.

बाईंनी सोडले. मग सावकाश उठून टॉवेल आणला आणि आधी तिच्यापुढे धरला. बसव्वानं हात पुसले, हातांचा वास घेतला, "औशदाचा वास येतोय," म्हणाली, आणि टॉवेल परत देऊन झाडू उचलला.

"इकडे रोज याच वेळेला असतेस का?"

"तर. आदी फाटक, मग हितलं, मग मागची बाजू."

"मग उद्या तुझं फाटक झाडून झालं की मी बाहेर येईन."

"उद्या माजी सुट्टी हाय," बसव्वा म्हणाली. "अक्कलकोटला जायचंय, भनीकडं."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग परवा."

बसव्वा मागच्या बाजूला गेली. झाडूचा आवाज इमारतीआड लांब-लांब होत ऐकू येईनासा झाला. बाई खुर्चीवर बसल्या, ओला टॉवेल मांडीवर घेऊन. पाणी हळूहळू हलायचं थांबलं. टाइलवर धुळाप्पानं लावलेली चिकटपट्टी अजून तशीच होती, आणि पाणी तिच्या काठाला लागून उभं होतं.